पाचोळ्याचे तेल आणि माझ्या स्कूटरचे पेट्रोल

मी, वय सव्वीस वर्षे, शिक्षण रसायन अभियांत्रिकी, नोकरी रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत, राहणार वडिलांच्या वर्कशॉपवरच्या दोन खोल्यांत, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की,

१. माझे वडील जनरेटर दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले आहेत. वाळका पाचोळा बंद पिंपात तापवून, निघणारी वाफ थंड करून ते पेट्रोलऐवजी चालेल असे इंधन काढण्याचा प्रयत्न करतात.

२. या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी शेजाऱ्यांसमोर एका बाटलीत भरलेल्या त्या इंधनावर पाण्याच्या पंपाचे इंजिन चालवून दाखवले.

३. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेम्पोवाल्याने वडिलांनी दिलेला इंधनाचा डबा टेम्पोच्या टाकीत ओतला. टेम्पो पुलावर बंद पडला व मागून ट्रकने धडक दिली. टेम्पोवाल्याचा उजवा हात मोडला.

४. तपासणीत रविवारच्या बाटलीत पेट्रोल आढळले, डब्यात आढळले नाही. त्यावरून वडिलांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे.

बाटलीतले पेट्रोल मी घातले. वडिलांना ते माहीत नव्हते. आजही माहीत नाही.

पिंपातून जे निघते त्यात बहुतांश पाणी असते. थोडा डांबरासारखा भाग असतो. त्यावर इंजिन चालणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत होते. मी ते वडिलांना एकदा सांगितले. ते म्हणाले की तुझ्या पुस्तकातला पाचोळा वेगळा असेल. आई म्हणायची की निदान अंगण तरी झाडून निघते. त्यानंतर मी विषय काढला नाही.

त्या रविवारी सकाळी शेजाऱ्यांना बोलावून झाले होते. वडील अंघोळीला गेले तेव्हा मी बाटली मोरीत रिकामी केली, माझ्या स्कूटरमधले पेट्रोल नळीने काढून तिच्यात भरले आणि रंग जुळावा म्हणून डांबरी भागाचे काही थेंब टाकले. मोठ्या आजारपणानंतर वडिलांना वास येत नाही. मी त्या भरवशावर होते. एकदा इंजिन चालले की त्यांची हौस फिटेल, असे मी स्वतःला समजावले.

हे मी वडिलांसाठी केले असे लिहून घेऊ नये. माझ्या कारखान्यातले दोघे आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्यासमोर वडिलांचे हसे होईल आणि सोमवारी ते मला ऐकावे लागेल, हे मला नको होते.

इंजिन पहिल्याच ओढीला चालू झाले. वडील दोरी हातात धरून उभे राहिले. टेम्पोवाला वाकून म्हणाला, "काका, वास तर पेट्रोलचाच येतोय." वडील म्हणाले, "काम तेच करतंय, मग वास काय अत्तराचा येणार?" सगळे हसले. मीही हसले.

मग टेम्पोवाल्याने मला विचारले, "ताई, तू शिकलेली आहेस. घालू का माझ्या गाडीत?"

मी म्हणाले, "बाबा सांगतील तसं करा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना वाटले, मी पटल्याची कबुली देते आहे. डबा त्यांनी त्याच संध्याकाळी भरून दिला, पैसे घेतले नाहीत. डबा भरताना मी जिन्यात होते.

ठाण्यात वडील म्हणाले की बाटलीत पेट्रोलचा थेंबही नव्हता. ते खोटे बोललेले नाहीत. डब्याच्या झाकणातून पाणी आत गेले असावे अशी त्यांची समजूत आहे. ते रोज घरातल्या तशाच दुसऱ्या डब्यात पाणी भरून, झाकण लावून तो पालथा धरून पाहतात. झाकणाबद्दल माफी मागायला ते दवाखान्यात गेले होते. टेम्पोवाल्याच्या बायकोने त्यांना दारातूनच परत पाठवले.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात पेट्रोल "वडिलांच्या सांगण्यावरून" घातले असे आले होते. ते शब्द मी खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

वडिलांची ठाण्यातील हजेरी शुक्रवारी आहे. हा जबाब त्यांना तेव्हा वाचून दाखवणार असल्यास मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. त्याआधी त्यांना मी स्वतः सांगायचे आहे.