मोटारीचा मुका पंप

तुम्ही मोटारींचा विषय काढला म्हणून सांगतो, आमची जुनी मोटार मी एकदा घरीच दुरुस्त केली होती. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून ती गोठ्यात उभी होती. अशात अकोल्याहून निरोप आला, की आत्याचं आता काही खरं नाही. बाबांचे पाय लुळे पडलेले. त्यांना रेल्वेत चढवणं अशक्य. पेट्रोल कसंबसं मिळवलं, तर ते इंजिनापर्यंत ओढणारा विजेचा पंप मुका! आमचा अमरावतीचा मिस्त्री नेमका गावाला गेलेला. मीच ओसरीवर पंप उघडला आणि आतले वीज जोडणारे, काळे पडलेले पॉइंट काचकागदानं घासू लागलो.

"काहून रे, पंप दुरुस्त करून राहिला का भांडे घासून राहिला?" बाबा खाटेवरून ओरडले. "तिकडे माह्या बहिणीचा जीव चालला!"

"पाच मिनिटं, बाबा!"

"तुह्या पाच मिनिटांत स्वराज्य येईन!"

शेवटी पंप बसवला, किल्ली फिरवली आणि पंपाची टिकटिक सुरू झाली. बाबा लहान मुलासारखे हसले. तेवढ्यात फाटकाशी तारवाला आला. मी तार बाबांना वाचून दाखवली. आत्या सकाळीच गेली होती.

मी किल्ली बंद केली.

"बंद काहून केली?" बाबांनी विचारलं.

"आता जाऊन काय करायचं?" मी चिडून म्हणालो.

"माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिले उचलत नाहीत. भावाच्या हातचं लागते. कर चालू, थांबली असन ते."