शालनची सावड

मंडळी, एवढ्या पावसात तुम्ही सगळे आलात. भाजे गावातले आलात, टाकव्याहून आलात. मी बोलावलं असतं तर निम्मेही आला नसता. रागाने म्हणत नाही. आज बोलणं जड जातंय, म्हणून खरं तेवढंच बोलते.

मला शालनचा हेवा वाटायचा. ती गेली, तरी वाटतो आहे.

ओढा साफ करायची कल्पना माझी. रविवारी पर्यटक धबधब्याखाली बाटल्या, पिशव्या टाकून जातात. ते सगळं इंद्रायणीत वाहून जायच्या आत सोमवारी उचलायचं. मी लोणावळ्याहून हातमोजे आणले, पोती आणली, टेंपो ठरवला, फलक लावले, गळ्यात शिट्टी अडकवली. कोण आलं? माझ्या दोन मैत्रिणी आल्या आणि फोटो काढून गेल्या.

मग शालन आली. फलक तिने वाचलाही नाही. म्हणाली, "मॅडम, ती शिट्टी ठिवा आत. माणसं बुजत्यात." पुढच्या सोमवारी ओढ्यावर उभं राहायला जागा नव्हती.

कसं केलं तिने? सावड लावली. आज मी तुझ्या खाचरात भात लावते, उद्या तू माझ्या खाचरात ये, ही तुमची सावड. शालन तुमच्या खाचरात राबली आणि परतफेड मागितली ती ओढ्यावर. "माझ्या रानात नगं येऊ. सोमवारी वड्यावर ये." स्वयंसेवक कोणीच नव्हता. तुम्ही सगळे शालनची सावड फेडत होता.

मी तिला फटकारलंही. म्हटलं, समाजकार्य असं देण्याघेण्यावर चालत नाही. तर म्हणाली, "मग तुमचं कशावं चालतंय, मॅडम? टेंपोवं?" बायका हसल्या. सुमनमावशी, सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसलात.

मघापासून जो उठतो तो सांगतो, शालन माझ्या बांधावर आली, माझ्या चिखलात उभी राहिली. मी ऐकते आहे आणि जळते आहे. मला शेत नाही. माझा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं तिच्या शेजारी ओढ्यात वाकले, पण माझ्यासाठी ती कुठे वाकणार? एकदा बोलूनही दाखवलं. म्हणाली, "तुमचं साचू द्या, मॅडम. कवा तरी फेडीन."

फेडलं नाही. ताप अंगावर काढला आणि गेली.

आता सोमवारी ओढ्यावर कोण येणार? जिची फेडायची, ती राहिली नाही. काल एकाने मला तोंडावर विचारलं, "आता कुणाची सावड, मॅडम?" प्रश्न बरोबर आहे.

रामभाऊ, तुम्ही तिचे यजमान, तुम्हालाच विचारते. तिच्या खाचरात भाताची आवणी राहिली आहे ना? रोपं पिवळी पडायला लागली आहेत, मी येताना पाहिली. शनिवारी लावून टाकू. मीही येणार. माझी ओळ वाकडी जाईल. चिखलात बसले तर उठवायला दोघी लागतील. उठवा. मग तुमच्या खाचरांतही येईन, बोलवाल तिथे. आणि परतफेड मागेन, सोमवारी, ओढ्यावर. आला नाहीत तर घरी येऊन विचारीन.

तिच्या हाकेला येत होतात तेवढे माझ्या हाकेला येणार नाही, हे मला कळतं. पण मला तेवढेच हवेत, एकही कमी नको.

उठा आता. शालनला नमस्कार करू.