टाकीचं तोंड

ट्रेवर: ...चिडून काय उपयोग? हा मापाचा गज बघा. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडातून सरळ आत गेला. जायला नको होता. अशा गाडीच्या तपासणीच्या कागदावर मी सही करू शकत नाही, आणि सहीशिवाय इथला नंबर मिळत नाही.

साल्विना: आत गेला तर बिघडलं काय?

ट्रेवर: शिसं घातलेल्या पेट्रोलची पंपावरची नळी जाड असायची. ती शिरू नये म्हणून या वयाच्या गाडीचं तोंड अरुंद लागतं. बाहेरून आणलेल्या गाडीलासुद्धा.

साल्विना: अहो, ते पेट्रोल अख्ख्या मेलबर्नमध्ये मिळतं का आता?

ट्रेवर: वीस वर्षांत बघितलेलं नाही. नियम तसाच आहे.

साल्विना: शनिवारी आईला जाऊन वर्ष होतंय. बाबांना याच गाडीतून कबरीवर जायचंय. डॉक्टर म्हणालेत, पुढच्या वर्षाचं काही धरून चालू नका. बाबा, ऐका ना, माझ्या गाडीतून जाऊ.

नेनू: नाही. माल्टा सोडताना तुझी आई रडत होती, गाडी मागे राहिली म्हणून. म्हटलं, रडू नकोस, मागवून घेतो. गाडीचं जहाज इथे लागलं तेव्हा ती नव्हती.

ट्रेवर: एक कळत नाही. गाडी ब्याण्णवची, मुळात इंग्लंडात विकलेली. हिच्या टाकीच्या तोंडात कारखान्यातूनच अरुंद कडी असणार. कुणीतरी ती कापून काढलीय. हात सफाईचा आहे, पण केलाय गाढवपणा.

साल्विना: आधीच्या मालकाने केला असेल.

नेनू: मी केला.

साल्विना: बाबा?

नेनू: आमच्या गावच्या पंपावर तेव्हा जाडच नळी होती. तुझी आई म्हणाली, नेनू, बनवणाऱ्याने काहीतरी विचार करून बसवलं असेल, हात लावू नकोस. मी गोदीत तीस वर्षं पत्रा कापलेला माणूस. मी कुणाचं ऐकतोय! दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

ट्रेवर: कडी इंग्लंडहून मागवतो. तीन आठवडे लागतील.

नेनू: तीन आठवडे कुणाकडे आहेत? पत्रा आहे का तुझ्याकडे? मिलिमीटरभर जाडीचा?

साल्विना: तुमच्याने चहाचा कप धरवत नाही, बाबा.

नेनू: कप मला कधीच नीट धरता आला नाही. कात्री येते.

ट्रेवर: घरी केलेली चालेल. गज अडला पाहिजे, एवढंच. टाकीची नळी खोलून कडी झाळून बसवायचं काम मी करीन. टाकीजवळ तुम्हाला आग घेऊन बसू देणार नाही.

(दोन दिवसांनी, त्याच गॅरेजात.)

नेनू: घाल गज.

ट्रेवर: घातला. अडलाय.

साल्विना: जोर लावून बघा.

ट्रेवर: लावलाय, बाई. आणि आताच्या पंपाची बारीक नळी आरामात जातेय. झालं. कागदावर लिहायचंय, काम कुणी केलं?

नेनू: माझं नाव लिही. आधी कापली कुणी, तेही लिही.

ट्रेवर: त्याला रकाना नाही.

साल्विना: सहा कड्या फुकट गेल्या. बोटं कापून घेतली. आणि सारखं एकटेच पुटपुटत होते. काय म्हणत होतात, बाबा?

नेनू: काही नाही. माझंच चुकलं होतं म्हणत होतो.

ट्रेवर: शनिवारी चालवणार कोण? तुम्ही नाही ना?

नेनू: सालू चालवेल. मी मागे बसेन.

साल्विना: मागे कशाला? माझ्या शेजारी बसा. समुद्र दिसेल नीट.

नेनू: पुढे ती बसते.