बड्या देशाचा सभात्याग

धाकटी : सव्वाअकराला बड्या देशाची चारही मुलं उठली आणि सभागृहाबाहेर गेली. परिषद लुटुपुटीची असेल ताई, पण मागच्या बाकावरच्या पाहुण्या खऱ्या आहेत. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरवायला आल्यात. आणि तू इथे शिक्षकखोलीत निवांत चहा पितेस.

थोरली : गार झालाय तो. सुट्टी दिलीस ना? येतील परत.

धाकटी : द्यावीच लागली. नदीच्या पाण्याचा करार सहीपर्यंत आणला होता मी. एकदम सगळे छोटे देश माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

थोरली : ज्याच्या हाती धरण, तो कशाला सही करेल? मोठे देश असेच वागतात, ठमे.

धाकटी : जाताना त्यांचा म्होरक्या काय म्हणाला माहितीये? "जगाला घरमालक नसतो, सगळे भाडेकरूच. मग तक्रार करणार कुणाकडे?"

थोरली : बरं बोलला की.

धाकटी : हे वाक्य तुझं आहे. आणि तो मुलगा तुझ्या वर्गात नाही, माझ्या वर्गात आहे. कधी गाठलंस त्यांना?

थोरली : गाठलं कसलं! काल कॅन्टीनमध्ये तेच आले माझ्या टेबलाशी. "मॅडम, आम्ही एवढे बलाढ्य, तर मग ऐकून का घ्यायचं?" म्हटलं, नका घेऊ. तुम्ही उठलात की करार म्हणजे नुसता कागद.

धाकटी : आज पाहुण्या येणार, हे माहीत होतं तुला?

थोरली : होतं.

धाकटी : मग याला वास्तववाद म्हणून खपवू नकोस. हा जळफळाट आहे, शुद्ध जळफळाट!

थोरली : असेल. तुझ्या तासाला पोरं दारात उभी राहून ऐकतात. माझ्या तासाला खिडकीजवळचे बाक तेवढे भरतात, तेही वाऱ्यासाठी. मी सांगते, देश ताकद मोजतात. तू सांगतेस, देश एकमेकांना काय समजतात त्यावर सगळं ठरतं. शत्रूचासुद्धा उद्या मित्र होतो. गोड वाटतं ऐकायला. घरीही हेच. कामं मी करायची आणि आई म्हणायची, धाकटी किती गोड बोलते! तुझ्या पुस्तकात त्याला सौम्य सत्ता म्हणतात. आपल्या घरात लाडोबा म्हणायचे.

धाकटी : मला या कॉलेजात तूच आणलंस.

थोरली : आणलं. माझ्याच शेजारी, माझ्याच वेळेला नवा विषय उघडशील, हे नव्हतं ठाऊक.

धाकटी : वेळ ऑफिसनं लावली. आणि नवा विषय का मागितला, विचारलंस कधी? सर मला तुझाच विषय देत होते. मी म्हटलं, ताईचा नको. कुंपण घातलं गं मी, तुझ्या अंगणात माझा पाय पडू नये म्हणून.

थोरली : पलीकडून कुंपण आणि तटबंदी सारखीच दिसतात. एकानं भीतीपोटी भिंत बांधली की शेजारी तोफ ओतायला घेतो, आणि मग दोघंही म्हणतात, सुरुवात त्यानं केली. पहिल्याच तासाला शिकवते मी हे.

धाकटी : मग ओळखलं कसं नाहीस?

थोरली : शिकवताना समोर देश असतात. तू बहीण आहेस.

(विभागप्रमुख घाईघाईने आत येतात.)

विभागप्रमुख : दोघीही इथेच! अहो, पाहुण्या बेहद्द खूश आहेत. म्हणाल्या, अशा परिषदांत सगळे सह्या करतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. इथे कुणीतरी उठून गेलं! छोट्या देशांनी सुट्टीत जागासुद्धा सोडली नाही. धरणाची वीज विकत घेणारे आपणच, हे त्यांना आता सुचलंय. एकजूट करून अटी लिहितायत. बडा देश दाराशी घुटमळतोय.

धाकटी : खूश आहेत?

विभागप्रमुख : तर! विचारतायत, ही सभात्यागाची योजना कुणाची? अहवालात नावानिशी लिहायचंय त्यांना. तुम्हा दोघींपैकीच कुणाची तरी असणार, म्हणून आलो.

थोरली : इतकी वर्षं ही परिषद मी घेत होते, सर. कुणी नाव विचारलं नव्हतं.

धाकटी : सांग ना मग. तुझीच आहे.

थोरली : आणि माझं नाव लागलं, तर तुझी नोकरी?

धाकटी : घालवायलाच निघाली होतीस ना कालपासून?

थोरली : तेव्हा माझ्या हाती काही लागणार नव्हतं. नुसतं तुझं जाणार होतं. ते सोपं होतं.

विभागप्रमुख : मॅडम, मला काही कळत नाहीये. त्या थांबल्यात तिकडे.

थोरली : चला सर. मी येते, मीच सांगते.

धाकटी : काय सांगणार आहेस, ताई?

थोरली : अजून जिना चढायचाय. तोवर ठरेल.