अम्मी सोडून सगळ्यांना

...आणि भर बाजारात, हातात वांगी धरून आमची शेजारीण रतनबाई मलाच विचारती, "अगं अफसाना, तुझ्या आरजूला झालंय तरी काय?" आता काय सांगू? पोरगी माझी, सकाळी डबा मी दिला, वेणी मी घातली... आणि ती दुःखी हाय हे कळलं कुणाला? शेजारणीला! कुठनं? मोबाईलच्या स्टेटसवरनं! अख्ख्या भोरनं वाचलं, तिच्या मामीनं वाचलं, दूधवाल्यानंसुद्धा वाचलं, मलाच दिसत न्हाई, कारण माझं एकटीचं नाव तिनं त्यातनं काढून टाकलंय! म्हंजे मी कोण? नुसती आई!

मग रतनबाईनंच दाखवलं. काळं चित्र, त्यावर पांढरी अक्षरं, "माझी कुणालाच गरज नाही." तुमाला सांगते, बाजार तिथंच टाकला आणि घर गाठलं. आमच्या वेळी राग आला की धुणं दाणदाण आपटायचं, भांडी आदळायची, की अब्बा ओसरीवरनं विचारायचे, "काय गं, कुणी बोललं का?" झालं, रडून मोकळं! आता ना आदळआपट, ना आवाज... नुसता अंगठा चालतो. विचारलं, "काय झालं?" तर "कुठं काय!" हिच्या अब्बांना सांगितलं तर ते टेम्पोचा आरसा पुसत म्हणत्यात, "वय हाय, जाऊ दे." मोबाईल काढून घेतला, तर पोरगी जेवंना, नखं कुरतडून रक्त काढलं. दुपारच्याला मीच नेऊन दिला परत! न देऊन करते काय? मी कोण? नुसती आई!

मग लढवली अक्कल. हिच्या अब्बांना पासलीहून तांदळाची पोती आणायची होती. म्या म्हणलं, आमी दोघी पण येतो. का? तर वेल्ह्याच्या पुढं डोंगर लागला की रेंज गुल! मग बोलल्याशिवाय जाती कुठं? आणि खरंच गेली की रेंज! पोरीनं मोबाईल काचेला लावला, खिडकीबाहेर काढला, वर छताला टेकवला... शेवटी ठेवला मांडीवर आणि म्हणली, "अम्मी, बोल ना काहीतरी."

घ्या! इतके दिवस ज्याची वाट बघितली... आणि माझ्याच तोंडाला कुलूप! काय बोलायचं असतं हो पोरीशी? जेव, अभ्यास कर, ठेव तो मोबाईल, ह्याच्यापुढं मला येतंय काय? म्या विचारलं, "भूक लागली का?" तर पोरगी हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. वर्गातल्या पोरींनी हिला वगळून नवा ग्रुप काढलाय म्हणे. जिवाभावाची शिवानी, तीसुद्धा त्यांच्यातच! "सारखी बघते अम्मी, कुणी बोलवतंय का." माझा खांदा भिजला. हिचे अब्बा टेम्पो उगाच हळू हळू चालवत राहिले. पासलीत पोती भरेपर्यंत पोरगी माझा हात धरून होती, आमच्या दोघींचा फोटोपण काढला... आणि येताना घाट उतरलो तशी टिंग टिंग टिंग! रेंज आली. डोळे पुसले, मान खाली.

संध्याकाळी रतनबाई पळत आली, "बघ की, तुमचा फोटो! खाली लिवलंय, 'आज लई दिसांनी हलकं वाटलं.'" फोटोत मी, आणि मलाच दिसत न्हाई! गेले तरातरा, "आता तरी माझं नाव घाल की गं त्यात!" तर गळ्यात हात टाकून म्हणती, "अम्मी, तू बघणार म्हणलं की मला खरं लिवता येत न्हाई."

आता बोला! तवापासनं रोज संध्याकाळी कपभर चहा जास्तीचा टाकते... आणि रतनबाईची वाट बघत बसते.