कोरी पानं

लिलाबाई : हाई बी कोरंच शे. दाबू?

समीक्षा : दाब, माय. ते हिरवं बटण. पुढचंही कोरंच असेल.

लिलाबाई : पोऱ्यानी नऊच पानं लिखेल शेतस. एकतीस कोरा. मंग त्या कोरा पानं तू कसाले पाहस?

समीक्षा : अगं, कॉम्प्युटरवर प्रत्येक पानावर टिक पडल्याशिवाय पुढचा पेपर उघडतच नाही. तीन आठवडे घरी बसून हेच करतेय, म्हणून तर खांदा गेला. वेणी घालायला हात वर जात नाही.

लिलाबाई : लिखेल पानं तपासीसन गया असता ते गोट येगळी. कोरा पानंस्नी खांदा मोडा तुना! आन गल्लीमा बाया म्हणतस, समीनं बरं शे, घरबसल्या प्रोफेसरकी.

समीक्षा : हसवू नको, दुखतं. आणि लिहिलेलं पान आलं की हात काढायचा. ते मी वाचणार, मार्क मीच देणार, डाव्या हाताने.

[मोबाईलवर व्हिडिओ कॉल येतो.]

समीक्षा : बाप रे, प्रेमराज सर! आमचे विभागप्रमुख. माय, बाजूला सरक, बोलू नको... नमस्कार सर.

प्रेमराज सर : नमस्कार समीक्षा मॅडम. एक विचारायचं होतं. परवापर्यंत तुमचे तासाला पाच पेपर होत होते. काल एकदम नऊ? विद्यापीठातून मला फोन. मॅडम न वाचताच मार्क देतात का म्हणे.

समीक्षा : वाचते सर. अक्षर न् अक्षर.

प्रेमराज सर : मग वेग कसा वाढला? मी इथे धुळ्यात बसून काय उत्तर देऊ? मॅडम, तुम्ही तासिकेवर आहात. जूनमध्ये तुमचे तास तुम्हालाच द्यायचे की दुसऱ्या कोणाला, ते माझ्याच सहीने ठरणार आहे.

समीक्षा : सर, ते... सराव झाला.

प्रेमराज सर : मागे बांगड्या वाजतायत.

समीक्षा : आई आहे, सर.

लिलाबाई : भाऊ, बटण मी दाबस. खोटं कसाले बोलू? तिना हात उठत नही. धरणगावना बठ्ठा वावरंसमा कापूस येचेल शे मी, मना बोटं थांबतस नही. पन कोरा पानंवरच हां. मार्क तीच देस.

प्रेमराज सर : काय? मॅडम, हे गोपनीय काम आहे!

लिलाबाई : कोरा पानवर काय गुपित शे, भाऊ?

प्रेमराज सर : प्रश्न तो नाही. परिपत्रकात स्पष्ट दिलंय, परीक्षकाने स्वतः, खुर्चीत पाठ ताठ ठेवून...

लिलाबाई : तुम्ही ताठ बठेल शेतस का? तुमना डोकामांगे चटई दिसस. आन गळामा पट्टा.

प्रेमराज सर : ... जरा आडवा झालो होतो.

समीक्षा : मान का, सर?

प्रेमराज सर : दीड महिना झाला. कोणाला बोलू नका. स्टाफच्या ग्रुपवर रोज योगासनांचे व्हिडिओ मीच टाकतो.

समीक्षा : आम्ही रोज पाहतो, सर.

प्रेमराज सर : मीपण पाहतोच फक्त.

समीक्षा : मग... माझं काय लिहिणार वर?

प्रेमराज सर : सराव. सराव झाला, असंच लिहितो. जूनची काळजी करू नका. पण उद्यापासून तासाला पाचच करा. मीही पेपर तपासतोय; तुमचे नऊ दिसले की आम्हा बाकीच्यांना विचारतात, तुम्हाला का जमत नाही.

लिलाबाई : म्हणजे आते मी हळू दाबू?

प्रेमराज सर : हो अक्का. जरा हळूच.

लिलाबाई : आन तुमना कोरा पानं कोन दाबस?

प्रेमराज सर : मीच. मिसेस नाशिकला आहे, नातवाकडे.

लिलाबाई : मंग मानले तेल कोन लावस?

प्रेमराज सर : तेही मीच. हात पोचतो तिथपर्यंत.