शाळेची सावली

बाई: उठून बाहेर कशाला आलास? आत तुझं एक मत होतं.

भाऊ: ताई, शाळेची मुख्याध्यापिका तू आणि मी तुझा पाठचा भाऊ. तुझ्याच वाढीव इमारतीसाठी मी हात वर केला असता, तर उद्या लोकांनी दोघांनाही सोलून काढलं असतं. नात्यातला विषय निघाला की समितीच्या सभासदाने उठून बाहेर यायचं, असा नियमच आहे.

बाई: नियम. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ पळवताना नव्हते तुला नियम.

भाऊ: तेव्हा मी नगर नियोजन समितीवर नव्हतो.

बाई: हसू नकोस. उरले सहा. तिघं आपल्या बाजूचे, तिघं विरोधात. अडलंच तर अध्यक्षांचं मत.

भाऊ: त्यावर मी काही बोलणार नाही.

काकू: सरकता का जरा, बाई? की मी उभीच राहू? मी हरकत घेतली म्हणून बाकावर बसायला तुमची हरकत असेल तर तसं सांगा.

बाई: बसा ना, काकू. बाक काय माझ्या घरचा आहे?

काकू: नाही, विचारलेलं बरं. आजकाल कोणती जागा कुणाची होईल, सांगता येत नाही.

भाऊ: काकू, आधीच सांगतो, या विषयावर मी अवाक्षर काढणार नाही.

काकू: तुम्हाला विचारलंय कुणी? ते आत बसलेत त्यांनीही नाही विचारलं. आम्हा दोघींना बाहेर पाठवलं, बिल्डरला तेवढं ठेवून घेतलं. म्हणे, जमीन त्याची, त्यालाच प्रश्न विचारायचेत. आम्ही भिंतीपलीकडचे, आम्हाला काय विचारायचं?

बाई: रागावू नका, पण मला वाईट वाटलं. तुमची नात आमच्याच शाळेत आहे. दुसरी आणि तिसरी एका खोलीत बसवतो आम्ही, मध्ये कपाटं उभी करून. अलीकडे पाढे, पलीकडे कविता. मुलं आता पाढेसुद्धा कवितेच्या चालीवर म्हणतात.

काकू: ठाऊक आहे. घरी येऊन तस्सेच म्हणते. आजोबा ताल धरतात.

बाई: मग? तरी तुम्ही आडव्या आलात?

काकू: आले. माझं मागचं अंगण कधी पाहिलंय तुम्ही? पुढे धुलाईचं दुकान, मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. दवाखान्याच्या चादरी, लॉजचे पडदे, सगळं त्या उन्हाच्या जिवावर. आणि तुमची दुमजली इमारत नेमकी माझ्या भिंतीला खेटून. थंडीत सूर्य आधीच खाली उतरतो. दुपार झाली की अंगणात काळोख. चार बायका आहेत माझ्याकडे कामाला. त्यांना काय सांगू? शाळा मोठी झाली, आता तुम्ही घरी बसा?

बाई: हे येऊन मला का नाही सांगितलंत?

काकू: तुम्ही विचारायला का नाही आलात? शेजार दोन्हीकडून असतो, बाई.

भाऊ: काय झालं? इथे भांडण नको, ताई.

बाई: नाही, बरोबर आहे त्यांचं. मी जायला हवं होतं. नकाशा बिल्डरने काढून आणला. त्याला शेजारच्या पडीक जमिनीवर घरं बांधायचीत. परवानगी मिळाली तर त्यातला तुकडा शाळेला देतो, वर सहा खोल्या बांधून देतो म्हणाला, म्हणून अर्ज दोघांनी मिळून केला. धर्माची गाय आणि दात का नाही, असं कोण विचारणार?

काकू: दात नका मोजू. पण गाय कुणाच्या दारात बांधताय, ते तरी बघायचं.

बाई: शाळा मागच्या कोपऱ्यात का, एवढं विचारलं होतं मी. म्हणाला, मुलं रस्त्यापासून लांब असलेली बरी. पटलं मला. मग आज आत नकाशा भिंतीवर लावला, तेव्हा दिसलं, रस्त्याकडे ओळीने दुकानं आहेत.

काकू: दुकानं त्याला, कोपरा तुम्हाला, सावली मला. वाटणी छान केली.

बाई: काकू, समजा खोल्या पुढे रस्त्याकडे नेल्या, आणि तुमच्या भिंतीकडे मैदान ठेवलं तर?

काकू: मैदान म्हणजे चेंडू.

बाई: चेंडू आलाच.

काकू: धुतलेल्या चादरींवर.

बाई: उंच जाळी लावू. तरी एखादा येईल. येणार नाही असं खोटं कशाला सांगू?

काकू: येऊ दे. चेंडूचा डाग साबणाने निघतो. सावलीला कोणता साबण लावणार? पण धूळ उडेल त्याचं काय?

बाई: शाळा भरायच्या आधी पाणी मारून घेत जाऊ.

काकू: पाणी माझ्याकडून न्या. शेवटच्या खळबळणीचं पाणी स्वच्छ असतं, नाहीतरी गटारातच जातं.

बाई: बोलायला सोपं आहे हो. पुढची दुकानं गेली तर बिल्डर अंग काढून घेईल. मग जमीन नाही, सहा सोडा, एकही खोली नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. त्याआधी ती कपाटं हलायची सोय तेवढी करून जायची होती मला.

काकू: मग नका बोलू काही. अध्यक्ष शाळेच्या बाजूचे आहेत, मला दिसलं ते त्यांच्या तोंडावर. गप्प बसलात तर सहाच्या सहा खोल्या पदरात पडतील.

बाई: तुम्ही सांगताय मला गप्प बसायला?

काकू: मी सांगत नाही. आहे ते बोलले. नातीच्या शाळेचं वाटोळं मलाही नको.

बाई: माझ्या डोळ्यांसमोर आता त्या दोऱ्या येत राहणार, काकू. नव्या वर्गांच्या खिडकीतून मुलांना दिसणार ना त्या. रोज. काय रे, निकाल लागायच्या आधी नकाशा बदलता येतो का?

भाऊ: या विषयावर मी बोलणार नाही म्हटलं ना.

बाई: विषयावर नको बोलू. नियमावर बोल.

भाऊ: नियम तिथे दाराशेजारी लावलेत. ज्याला हवे त्याने वाचावेत.

काकू: मी चष्मा आणला नाही.

भाऊ: चष्मा नसलेल्या नागरिकाला वाचून दाखवायला कुणाची ना नसावी. तर, निकाल जाहीर होण्याआधी अर्जदार आणि हरकत घेणारा, दोघं मिळून काही सांगू इच्छित असतील, तर समितीने ते ऐकून घ्यायचं आहे. दोघं मिळून. हे लिहिलेलं आहे, माझं मत नव्हे.

बाई: दोघं मिळून.

काकू: उठा मग. माझे गुडघे कुरकुरतात, हात द्या जरा.

(दोघी आत जातात. बाकावर भाऊ एकटाच राहतो. बऱ्याच वेळाने दार उघडतं आणि दोघी बाहेर येतात.)

भाऊ: काय झालं? लागला ना निकाल?

काकू: लागला. तुमची बहीण काय बोलली म्हणून सांगू. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाली, शेजाऱ्याचं ऊन घेऊन मला शाळा वाढवायची नाही.

बाई: बोलताना भीती वाटत होती मला.

काकू: माझा हात धरला होतात तुम्ही, म्हणून मला कळलं. बाकी कुणाला पत्ता नाही.

भाऊ: आणि बिल्डर?

बाई: त्याने नकाशाची गुंडाळी केली. म्हणाला, मग राहू द्या. मीही म्हटलं, राहू द्या. म्हटलं खरं, पण वाटलं, गेलं सगळं.

काकू: तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, शाळा नाही तर तुमच्या घरांचा विचारही आम्हाला नव्याने करावा लागेल. त्यासरशी गुंडाळी उलगडली. बसला खाली निमूट.

बाई: रस्त्याकडे चार खोल्या, एकमजली. दुकानं दोनच, पार टोकाला. मागे सगळं मैदान.

भाऊ: सहाच्या चार झाल्या.

बाई: झाल्या. चार खोल्यांत कपाटं हलतात. उरलेल्या दोन पुढच्या मुख्याध्यापकाने मिळवाव्यात. त्यालाही काही उद्योग हवा.

भाऊ: विरोधातले तिघं?

काकू: सगळ्यांचे हात वर. एकांनी तर मला वाटतं आळस द्यायला वर केले होते, पण ते धरले.

बाई: एका परीने तू उठून आलास ते बरं झालं. आत असतास तर तुझ्या मताने मी जिंकून घरी गेले असते, आणि या काकू माझ्याशी परत बोलल्या नसत्या.

काकू: बोलले असते. पण धुलाईत तुमच्या कपड्यांची बटणं तुटली असती.

भाऊ: चला, आता चहा माझ्याकडून. निकाल लागलाय, कुणी काही म्हणणार नाही.

काकू: आधी एक सांगा, बाई. खोल्या उभ्या राहीपर्यंत तुम्ही निवृत्त झालेल्या असाल, नाही का?

बाई: असेन.

काकू: मग माझ्या अंगणात येत चला. खुर्ची टाकून ठेवते. तिथून मुलं खेळताना दिसतील.

बाई: येईन की. पण दुपारनंतर.

काकू: का? सकाळी झोपा काढणार?

बाई: सकाळी शाळेची घंटा होते, काकू. ती ऐकली की पाय आपोआप वर्गाकडे वळतील.